कच्ची भरलेली दाढ

शनिवार, ८ मार्च

चि. बारक्या,

चिरंजीव वगैरे लिहायची आज इच्छा नाही. पण आईने लावलेली सवय हाताला आहे, म्हणून लिहिलं गेलं. आशीर्वाद मात्र मिळणार नाहीत.

बाबांना घेऊन तिकडे पोहोचल्यावर तुझा तीनदा फोन आला, तो मी मुद्दाम घेतला नाही. फोनवर तू मध्ये बोलतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. लिहून झालं की दवाखान्यातली मावशी याचा फोटो काढून तुला पाठवेल. मी काढला की त्यात माझा अंगठा येतो.

आज सकाळी बाबांच्या घरी झाडांना पाणी घालायला गेले. दार उघडलं तर समोर बुटांच्या कपाटावर डबी. तीच पत्र्याची डबी, ज्यात बाबा शिलाईच्या दुकानात बॉबिनी ठेवायचे. मी ती घासूनपुसून भरली होती, वर दोन रबरबँड लावले होते आणि निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या हातात दिली होती. "हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको," असं दोनदा सांगितलं होतं. तू ती पिशवीतही ठेवली नाहीस आणि बॅगेतही नाही. बुटांवर ठेवलीस.

त्यात काय होतं ते तुला माहीत नसणारच, म्हणून सांगते. दात तात्पुरता बुजवायचं तयार कच्चं सिमेंट, छोटा आरसा, चिमटा, कापूस, लवंगेचं तेल, बाबांना चालतील अशाच दुखण्याच्या गोळ्या (त्यांना साखर आहे, वाटेल ती गोळी चालत नाही), दाढेच्या एक्स-रेची प्रत आणि मी हाताने लिहिलेलं कार्ड. सिमेंट पडलं तर काय करायचं, गाल सुजला तर काय करायचं, किती तास वाट बघायची आणि कधी अजिबात बघायची नाही. अकरा सूचना होत्या. तू त्या वाचून हसलास. म्हणालास, "ताई, आपण चंद्रावर चाललोय का?"

चंद्रावर गेला असतात तर बरं झालं असतं. तिथे निदान टणक काही खायला मिळत नाही.

दाढेचं पुन्हा एकदा समजावते, कारण तू हे सगळं हसण्यावारी नेतोस. डावीकडची खालची मोठी दाढ. आतली नस काढली आहे, मुळं साफ केली आहेत, आत औषध आहे आणि वर कच्चं सिमेंट. मुळं कायमची भरून वर टोपी बसवली की काम संपतं. ते गुरुवारी, तेरा तारखेला संपणार होतं. तुम्ही पंधराला निघणार होतात. मग तू दोन तारखेला अचानक येऊन टपकलास, चार दिवस राहिलास आणि सहा तारखेची तिकिटं काढलीस. कोणाला विचारून? सहा तारखेलाही गुरुवारच होता, बाबांचा माझ्याकडे यायचा वार.

म्हणून दाढ कच्ची राहिली. हे तुझ्यामुळे झालं. नीट वाच आणि लक्षात ठेव.

आता कार्ड तिथे नाही, तर मुख्य गोष्टी इथे लिहिते. डाव्या बाजूने काहीही चावायचं नाही. पाव पाण्यात भिजवून खायचा म्हटलं तरी उजवीकडून. चिकट गोड पदार्थ बंद. सिमेंट पडलं तर त्याच दिवशी तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि फक्त पुन्हा कच्चं भरून घ्यायचं. फक्त कच्चं. बाकी कोणी काही करायचं नाही. परतीचं तिकीट सतरा एप्रिलचं आहे आणि दाढ माझ्याकडेच पूर्ण होणार आहे.

तुझ्या बायकोने बाबांच्या खोलीला नवे पडदे लावलेत म्हणे. बाबांनीच मला फोनवर सांगितलं, आणि शिलाई वाकडी आहे हेही सांगितलं. सहा आठवड्यांच्या पाहुण्यासाठी कोणी नवे पडदे लावत नाही, बारक्या. मला काही कळत नाही असं समजू नकोस. बाबा सतराला परत येणार आहेत. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

ताई


बुधवार, १२ मार्च

बारक्या,

आज चि. सुद्धा नाही.

सिमेंट रविवारी पडलं. आज बुधवार आहे. मधले तीन दिवस तुम्ही काय करत होतात? बाबा "थोडं ठणकतंय" म्हणाले आणि तू ते खरं मानलंस. अरे, ज्या माणसाच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली होती आणि जो तेव्हाही "थोडं टोचलं" म्हणाला होता, त्याच्या तोंडचं "थोडं" तुला अजून मोजता येत नाही? आपण दोघेही तेव्हा दुकानातच होतो. तू रडला होतास.

आणि तुझ्या बायकोने दुखण्याची गोळी हिरडीवर दाबून ठेवली. हे कुठून शिकली ती? गोळी गिळायची असते. हिरडीवर ठेवली की कातडी भाजून निघते. कार्डावर सातवी सूचना होती, लाल शाईत. पण कार्ड बुटांवर आहे.

मी चिडून लिहिते आहे हे मला कळतं. मावशी समोर बसून बघते आहे आणि म्हणते आहे, "ताई, पेन मोडेल." मोडू दे.

तू लिहिलं आहेस की डॉक्टरच्या भेटीसाठी शुक्रवारशिवाय वेळ मिळत नाही. तिथे वेळ अशी मागायची नसते. "सत्तर वर्षांचा माणूस, साखर आहे, गाल सुजलाय, नस काढलेली दाढ उघडी आहे," अशी चार वाक्यं सलग बोलायची. उघड्या दाढेने माणूस मरतही असतो, हे चारचौघांत कोणी बोलत नाही, पण आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. तू विमानाची तारीख नऊ दिवस अलीकडे आणू शकतोस, तर डॉक्टरची तारीख दोन दिवस अलीकडे आणता येत नाही? उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की असं होतं. आईच्या शेवटच्या आजारातही तू फोनवरूनच हाकत होतास.

ते जाऊ दे. ते मला आज काढायचं नव्हतं.

साखर रोज सकाळी तपासा. कोमट मिठाच्या पाण्याने तासातासाला चूळ. बाहेरून शेक अजिबात द्यायचा नाही. ताप आला तर दवाखान्यात नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात.

आणि काही झालं तरी दाढ काढू द्यायची नाही. डॉक्टर म्हणेल, काढून टाकू. सगळ्यांना तेच सोपं असतं. तू नाही म्हणायचंस. म्हणायचं, आमची ताई दातांची डॉक्टर आहे, दाढ तिची आहे.

ताई


सोमवार, १७ मार्च

काढलीत.

चार ओळींत कळवलंस. "काढली. दोन दिवस ताप होता, उतरला. बाबा बरे आहेत. आता परत जायची घाई नाही असं तेच म्हणतात." तार केल्यासारखं लिहितोस, जास्त लिहायला तुझे हात दुखतात का?

दोन दिवस ताप होता हे मला आज कळतंय. मी इथे अनोळखी लोकांच्या तोंडात डोकं घालून बसले होते, आणि माझ्या बापाला तिथे ताप होता. मी फोन घेत नाही म्हणून सांगितलं नाहीस, हे उत्तर देऊ नकोस. मावशीचा नंबर तुझ्याकडे आहे.

ती दाढ वाचली असती. वीस वर्षं मी हे काम करते आहे. लोकांच्या याहून वाईट दाढा मी वाचवल्या आहेत. त्या लोकांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत. आणि बाबांची दाढ एका शुक्रवारी, तुला आधीची वेळ मागता आली नाही म्हणून, चिमट्याने उपटली गेली. तुला त्यात काहीच वाटलं नसेल. तुझ्यासाठी तो एक दात आहे, बत्तिशीतला एक. बाबांच्या तोंडातला प्रत्येक दात मला ओळखता येतो. वरच्या पुढच्या दाताला खाच आहे, चाळीस वर्षं दातांनी दोरा तोडून पडलेली. तीच खाच मी पहिल्यांदा आरशात पाहिली तेव्हा मी शिकत होते आणि मला वर्गात सगळ्यांना सांगावंसं वाटलं होतं.

आता त्या चार ओळींखाली जोडलेल्या तुझ्या वाक्याकडे येते. तू लिहितोस, "परत जायचं कारण दाढ होतं, असं तूच म्हणायचीस. आता ते कारण उरलं नाही."

म्हणजे आता कळलं तुला काय हवं होतं. तारीख अलीकडे आणली, डबी विसरली, तीन दिवस घालवले, दाढ काढली. मग पडदे. वर्षातून एकदा येतोस, सगळ्यांसाठी भेटी आणतोस, बाबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतोस आणि जाताना थेट बाबांनाच घेऊन जातोस. आयत्या बिळावर नागोबा.

बाबांचं घर इथे आहे. मशीन इथे आहे. मी इथे आहे. सतराचं तिकीट रद्द केलंस तर मी तिथे येऊन तुझ्या दारात बसेन.

ज्या डॉक्टरणीने दाढ काढली तिच्याकडून लेखी अहवाल माग. दाढ का काढली, कोणत्या अवस्थेत होती, काय पाहिलं. मला तिच्याशी माझ्या भाषेत बोलायचं आहे.

ताई


शुक्रवार, २१ मार्च

बारक्या,

अहवाल मिळाला. तिची चिठ्ठीही मिळाली. तू ती वाचली असशीलच, पाकीट उघडं होतं असं मावशी म्हणाली. फोटोला पाकीट कसलं, तेही तिला कळत नाही आणि मला आज हसू येत नाही.

बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. पण भाषा बघ. "दाढ उभी चिरलेली होती, मुळापर्यंत. काढण्याशिवाय मार्ग नव्हता. मुळं मात्र स्वच्छ आणि कोरडी होती, इतकं सुबक काम मी क्वचित पाहते. म्हणून विचारते, ती भरली का नाहीत? पोकळ दाढ टोपीशिवाय इतके महिने ठेवली की चावताना चिरते, हे आपल्याला मी सांगायला नको."

नाही, सांगायला नकोच होतं. आगाऊपणा आहे हा. एका डॉक्टरने दुसऱ्याच्या कामाबद्दल रुग्णाच्या घरच्यांच्या हाती असं लिहून द्यायचं नसतं. मी तिला तसं कळवणार आहे. प्रत्येक दाढ वेगळी असते. काही मुळं लवकर कोरडी होत नाहीत. साखर असलेल्या माणसाला जास्त वेळा औषध बदलावं लागतं. सगळं तीन भेटींत संपत नाही. तिने दाढ एकदा पाहिली आणि मी ती

हे वाक्य मी पुरं करत नाही.

खाली तू विचारलंयस, "ताई, एकूण किती वेळा बोलावलंस?" आणि लगेच उत्तरही दिलंयस. बाबांच्या मापाच्या वहीत मागच्या पानावर गुरुवारांच्या तारखा आहेत आणि त्या सत्तावीस आहेत. बाबा वही घेऊन गेले आहेत हे मला माहीत नव्हतं. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, आता कोणाची मापं घेतात ते?

खरं आहे. सत्तावीस. ऑगस्टपासून.

तू असंही लिहिलंयस की डॉक्टरीण दाढ बघत असताना बाबा म्हणाले, "कच्च्या दोऱ्यावर सदरा इतके दिवस कोणी ठेवत नाही." तुला ते वाक्य मला कळवायला फार गोड वाटलं असेल. खाई त्याला खवखवे, असं तू मनात म्हणाला असशील.

मी आज याहून जास्त लिहू शकत नाही. दुपारी चार रुग्ण आहेत आणि त्यांच्या दाढा मला आजच पूर्ण करायच्या आहेत.

ताई


रविवार, ३० मार्च

बारक्या,

नऊ दिवस लिहिलं नाही. तूही काही पाठवलं नाहीस, हे एक बरं केलंस.

दाढ तीन भेटींत झाली असती. ऑगस्टमध्येच. तिसऱ्या गुरुवारी मुळं कोरडी होती, भरायचं सामान ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. मी ते परत कपाटात ठेवलं, आत नवं औषध घातलं आणि वर कच्चं भरलं. बाबांना म्हटलं, "अजून थोडं काम आहे, पुढच्या गुरुवारी या." पुढच्या गुरुवारीही तेच म्हटलं. मग मला त्याची सवय झाली. तेरा मार्चलाही मी तेच म्हणणार होते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की काम तेराला संपणार होतं. ते खोटं होतं. उलट तुम्ही निघण्याआधी सहा आठवडे टिकेल असंच सिमेंट मी भरलं होतं, म्हणजे सातव्या आठवड्यात त्यांना माझ्याकडे यावंच लागेल. तू तारीख बदललीस म्हणून दाढ कच्ची राहिली नाही. मी ठेवली म्हणून राहिली.

हे वाचून तू मोठा श्वास घेतला असशील. थांब, पुढेही आहे. आणि मी अजूनही तुझ्यावर चिडलेली आहे.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे यायचे बंद झाले. मी त्यांच्याकडे गेले की ते मशीनला तेल घालत बसायचे. बंद मशीनला. मी काही विचारलं की "हं". जेवलात का, "हं". येऊ का उद्या, "हं". दीड महिना असा गेला. मग त्यांची दाढ दुखली आणि ते आले. खुर्चीत बसले, तोंड उघडलं. मी दोन्ही बाजूंना कापूस ठेवला, लाळ ओढायची नळी लावली आणि काम करता करता बोलायला लागले. काहीही. कोणाची कवळी पडली, मावशी कशावरून रुसली, भाजी कशी जळाली. बाबांना "हं" सुद्धा म्हणता येत नव्हतं, पण ते डोळ्यांनी ऐकत होते. एक तास. आई गेल्यापासून आम्ही इतका वेळ एका खोलीत नव्हतो.

म्हणून मी ती दाढ कच्ची ठेवली. सात महिने. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्या डॉक्टरचं नाव घेऊन तक्रार केली असती.

आता तुझं ते जुनं वाक्य. आईला निरोप देऊन आम्ही घरी आलो, तू तीन दिवसांनी पोहोचलास आणि बुटांच्या त्याच कपाटापाशी उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालास, "घरात दातांची डॉक्टर असून आईचं तोंड कोणी पाहिलं नाही." तेव्हापासून आपण दोघं कामापुरतं बोलतो. कामापुरतंही नाही खरं तर.

तू चुकीचं बोललास. मी पाहिलं होतं. आई म्हणाली होती की कवळी घासते आहे. मी पाहिलं, जखम दिसली, कवळीची कड घासून दिली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा घासून दिली. माझ्या दवाखान्यात भिंतीवर तक्ता आहे, रोज डोळ्यांसमोर असतो. त्यावर लिहिलंय की तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तपासून घ्या. मी तो तक्ता स्वतः लावला आहे. रुग्ण असती तर पंधराव्या दिवशी मी तिला तपासणीला पाठवलं असतं. पण ती आई होती, आणि तिला नेहमीच काहीतरी घासायचं, काहीतरी टोचायचं, आणि मला घाई होती. दोन महिन्यांनी तपासलं, कर्करोग निघाला. अकरा महिन्यांनी ती गेली.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुला सांगणार नव्हतेच. तुझं वाक्य मला लागलं ते खोटं होतं म्हणून नाही. तू ते बोललास तेव्हा बाबा तिथेच उभे होते आणि ते काही बोलले नाहीत, म्हणून लागलं. त्यांनी तुला गप्प केलं नाही. मलाही काही म्हटलं नाही. ते आत गेले आणि मशीनवरचं कापड नीट करत बसले.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी बाबांना विचारलं. तोंडात कापूस होता, नळी होती, मी आरसा धरलेला होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्हालाही वाटतं का, की माझ्यामुळे झालं?" त्यांनी हात वर केला. मला माहीत होतं तो हात कशाचा असतो, बोलायचंय म्हणून रुग्ण हात वर करतात. मी तो हात धरून खाली ठेवला. म्हटलं, "हलू नका, लागेल." आणि ड्रिल सुरू केलं. ड्रिल करायचं काहीच कारण नव्हतं. दाढ तर केव्हाचीच रिकामी होती.

एवढंच. आता तू काय ते ठरव. बाबांना तिथे ठेवायचं असेल तर ठेव. त्यांचा ताप माझ्यामुळे आला आणि दाढ माझ्यामुळे गेली. पडदे नीट शिवून घ्या मात्र. आणि त्या डॉक्टरणीला मी काल लिहिलं की तिचा प्रश्न बरोबर होता.

हे पत्र तुझ्यासाठी आहे. बाबांना दाखवू नकोस.

ताई


गुरुवार, ३ एप्रिल

बारक्या,

दाखवू नकोस म्हटलं होतं. तू दाखवलं नाहीस, मोठ्याने वाचून दाखवलंस. आणि वर फोन करून मला सांगतोस की "दाखवलं नाही". लहानपणी साखरेच्या डब्याबद्दल तू असंच बोलायचास.

आज फोन घेतला, कारण मी लिहू शकत नव्हते. पण तू जे सांगितलंस त्याचं उत्तर कागदावरच देते, कारण फोनवर मी नुसतीच ऐकत राहिले आणि मग मावशीने माझ्या हातातून फोन घेतला.

तर डबी तू विसरला नव्हतास. तू पिशवीत ठेवलीस आणि बाबांनी ती काढून बुटांवर ठेवली. तारीखही तू नाही, बाबांनी अलीकडे आणायला सांगितली. तुला दोन तारखेला त्यांनीच बोलावून घेतलं. म्हणाले, "तेराच्या आधी निघू. तेराला गेलो तर ती पुन्हा कच्चं भरेल आणि मी पुन्हा तोंड उघडून बसेन." डबीबद्दल म्हणाले, "त्यात बुजवायचं सामान आहे. मला बुजवायची नाही, काढायची आहे."

आणि हे सगळं तू तीन पत्रांतली बोलणी ऐकून घेऊनही सांगितलं नाहीस. मी तुला नागोबा म्हटलं तरी बोलला नाहीस. बाबांनी शपथ घातली होती म्हणे. तुम्ही दोघं बापलेक मिळून मला महिनाभर तुझ्यावर भुंकायला लावलंत. मी तुझी माफी मागणार नाही. पडद्यांबद्दल तर नाहीच.

बाबांवरही माझा राग आहे, तो त्यांना वाचून दाखव, आता तुला ते येतंच. दाढ काढायची होती तर मला सांगायचं होतं. मी काढली असती. साखर तपासून, इंजेक्शन देऊन, न चिरता. तीन दिवस उघडी ठेवून, ताप काढून, परक्या गावात जाऊन स्वतःच्या जिवाशी खेळ करायची काय गरज होती? सत्तर वर्षांची माणसं असं करतात का? मला शिकवायचं होतं की मला शिक्षा द्यायची होती?

याचंही उत्तर तू फोनवर दिलंस. मी ते तुझ्या शब्दांत नाही, त्यांच्या शब्दांत लिहून ठेवते. बाबा म्हणाले, "तिला सांग, सत्तावीस गुरुवार मी ऐकलं. एकदाही मला बोलू दिलं नाही. दाढ असेपर्यंत ती बोलू देणार नव्हती, म्हणून दाढ काढली." मग तू विचारलंस, रागावलात का तिच्यावर. ते म्हणाले, "हो. दाढेसाठी रागावलोय. दुसऱ्या कशासाठी नाही."

मी ते दोनदा वाचलं, स्वतःच लिहिलेलं.

तू म्हणालास, आईबद्दलचं ते वाक्य मागे घेतो. घेऊ नकोस. अर्धं खरं होतं आणि ते मला कोणीतरी सांगायला हवं होतं. फक्त बुटांच्या कपाटापाशी, सगळ्यांसमोर नको होतं. उरलेला अर्धा राग मी तुझ्यावर ठेवते आहे, तो इतक्यात संपणार नाही. पुढच्या वेळी आलास की तुझेही दात बघणार आहे. तुझी उजवीकडची वरची दाढ मला फोटोतसुद्धा काळी दिसते. यायचं तर तीन आठवड्यांसाठी ये, चार दिवसांसाठी नाही, आणि आलास की तीन भेटींत काम संपेल. लेखी देते.

बाबांची मशीन मी काल उघडली. तेल घालून ठेवलं. आले की बाबा ते पुसून पुन्हा स्वतःच्या हाताने घालतील, मला माहीत आहे.

सतरा एप्रिलला गुरुवारच येतो. विमान सकाळी उतरतं. चारची वेळ मी बाबांच्या नावावर लिहून ठेवली आहे, पुढे मागे कोणी रुग्ण घेतलेला नाही. त्यांना सांग, तोंड उघडायला सांगणार नाही. माझ्या स्टुलावर त्यांनी बसावं. खुर्चीत मी बसेन, दोन्ही गालांत कापूस धरून, म्हणजे मला मध्ये बोलता येणार नाही.

ताई